विजेच्या कळीवर परका हात

२३ डिसेंबर २०१५ च्या दुपारी पश्चिम युक्रेनमधील इव्हानो-फ्रान्किव्स्क येथील वीज वितरण कंपनीच्या नियंत्रण कक्षात एक विलक्षण प्रकार घडला. पाळीवरील कर्मचाऱ्याच्या डोळ्यांदेखत संगणकाच्या पडद्यावरील बाण आपोआप सरकू लागला आणि एकेका उपकेंद्राचा पुरवठा तोडीत चालला. त्याने माऊस हलवून पाहिला; उपयोग झाला नाही. पुढे तर त्यालाच यंत्रणेबाहेर काढण्यात आले आणि पुन्हा आत शिरू पाहता पासवर्ड बदललेला आढळला. त्या दिवशी तीन वितरण कंपन्यांवर असा घाला पडला व सुमारे २ लाख २५ हजार ग्राहक ऐन हिवाळ्यात अंधारात गेले. परक्या शक्तीने संगणकाद्वारे नागरी वीजपुरवठा तोडल्याचे हे पहिले सर्वमान्य उदाहरण होय. २०२० साली अमेरिकेने या प्रकरणी रशियाच्या लष्करी गुप्तहेर खात्याच्या अधिकाऱ्यांवर आरोपपत्र दाखल केले.

या घाल्याची पूर्वतयारी कित्येक महिने चालली होती. कचेरीतील नोकरवर्गाला साध्या टपालासारखे दिसणारे ई-मेल आले, त्यांना जोडलेली कागदपत्रे कोणीतरी उघडली आणि तेवढ्या फटीतून शत्रू आत शिरला. त्याने घाई केली नाही. कोणाचा पासवर्ड कोणता, कोणती कळ कोठे आहे, याचा त्याने सावकाश अभ्यास केला. प्रत्यक्ष दिवशी पुरवठा तोडताना ग्राहकांच्या तक्रारी पोहोचू नयेत म्हणून कंपनीच्या दूरध्वनीवर खोट्या कॉलांचा भडिमार करण्यात आला, आणि दुरून उपकेंद्रे पुन्हा चालू करता येऊ नयेत यासाठी दळणवळणाची उपकरणेही निकामी केली गेली.

इतके होऊनही वीज एक ते सहा तासांत परत आली. ती कशी आली, हे नीट पाहण्यासारखे आहे. कर्मचारी गाड्या काढून उपकेंद्रांवर गेले आणि त्यांनी हाताने कळा ओढल्या. युक्रेनची ही यंत्रणा पुष्कळशी जुन्या सोव्हिएत बांधणीची. हाताने चालविण्याची सोय तीत शिल्लक होती आणि ती चालविणारी माणसेही होती. नियंत्रण कक्षातील संगणक मात्र दोन महिन्यांनंतरही पूर्ववत झाले नव्हते. काटकसरीच्या नावाखाली उपकेंद्रावरील माणूस कमी करणाऱ्या व्यवस्थापकांनी या दोन आकड्यांतील अंतर ध्यानात घ्यावयास हवे. जेथे सारे काही एका पडद्यावरून चालते तेथे असाच घाला पडला असता, तर अंधार काही तासांत आवरला नसता.

पुढे २०२२ च्या आक्रमणानंतर ऑक्टोबरपासून क्षेपणास्त्रे व ड्रोन थेट वीजकेंद्रांवर कोसळू लागले. तेव्हा अडचण कळांची उरली नाही, रोहित्रांची झाली. उच्च दाबाचे मोठे रोहित्र शेकडो टनांचे असू शकते. ते दुकानात मिळत नाही, मागणीनुसार घडवावे लागते आणि त्यास कित्येक महिने, प्रसंगी वर्षाहून अधिक काळ लागतो. युक्रेनने रोहित्रांभोवती दगडांनी भरलेल्या जाळ्या रचल्या, काँक्रीटच्या भिंती उभारल्या आणि मित्रदेशांकडून जुनी रोहित्रेसुद्धा मागविली.

येथे प्रश्न अर्थशास्त्राचा होतो. वापराविना पडून असलेले रोहित्र हिशेबनिसाच्या लेखी अडकलेले भांडवल असते. त्यावरील व्याज दरवर्षी ताळेबंदात दिसते. न आलेल्या संकटामुळे वाचलेला पैसा मात्र कोणत्याच खतावणीत जमा होत नाही. शिवाय वीज गेली तर कंपनीला तोटा होतो तो न विकलेल्या युनिटांचा. बंद पडलेली आगगाडी, रुग्णालय, पाणीपुरवठा आणि कारखाना यांचे नुकसान दुसऱ्यांच्या पदरी जाते. ज्याने खर्च करावयाचा त्याला लाभाचा अल्पसा भाग मिळत असेल, तर तो खर्च अपुराच होणार.

मुंबईकरांना याची चुणूक १२ ऑक्टोबर २०२० रोजी मिळाली. सकाळी दहाच्या सुमारास महानगराचा मोठा भाग अंधारला, लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या, आणि करोनाच्या त्या दिवसांत रुग्णालयांना आपापल्या जनित्रांवर विसंबावे लागले. २०२१ च्या आरंभी एका अमेरिकी संस्थेने चीनशी संबंधित गटाने भारतातील पाचपैकी चार प्रादेशिक भारप्रेषण केंद्रांना लक्ष्य केल्याचा अहवाल दिला; मुंबईच्या घटनेशी त्याचा संबंध सिद्ध झाल्याचे मात्र त्या संस्थेने म्हटले नव्हते. राज्याच्या गृहमंत्र्यांनी घातपाताचा संशय बोलून दाखविला, तर केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी ती मानवी चूक ठरविली. या वादात जी गोष्ट सर्वांना मान्य होती तीच बाजूला पडली. बाहेरचे जाळे कोसळले असता मुंबईने त्यापासून अलग होऊन स्वतःच्या वीजनिर्मितीवर तग धरावा, अशी आयलंडिंगची व्यवस्था अस्तित्वात होती, आणि त्या सकाळी ती शहराला वाचवू शकली नाही. चूक कर्मचाऱ्याची असो वा हात शत्रूचा, ही तटबंदी दोहोंसाठी एकच आहे.

वीजदराच्या सुनावणीत अशा तटबंदीचा खर्च ग्राहकावर टाकण्याची सूचना येते, तेव्हा ग्राहक संघटना विरोध करतात आणि त्यांचे सर्वस्वी चुकते असेही नाही. चोरी, गळती व निष्काळजीपणा यांपासूनचे रक्षण हे कंपनीचे काम. त्याचा भार दरात असणे रास्त आहे. परकी राजसत्ता उपकेंद्रावर नेम धरते तेव्हा ते काम संरक्षणाचे होते. सीमेवरील चौकीचा खर्च जवळच्या गावाच्या घरपट्टीतून कोणी वसूल करीत नाही. मग राखीव रोहित्रे, आयलंडिंगच्या नियमित चाचण्या आणि हाताने उपकेंद्र चालवू शकणारे प्रशिक्षित कर्मचारी यांच्यावरील खर्चाचा निदान काही हिस्सा केंद्राच्या संरक्षण अंदाजपत्रकातून का येऊ नये, याचे उत्तर दर ठरविणाऱ्या आयोगाने नव्हे, संसदेने द्यावयाचे आहे.