लिंगविरहित भाषेतील पुरुष

ज्या भाषेच्या व्याकरणात लिंगभेदाला थारा नाही, 'तो' आणि 'ती' या दोहोंसाठी जिला 'हॅन' हे एकच सर्वनाम पुरते, त्या फिनिश भाषेत स्त्री-पुरुष समतेचा प्रश्न निदान शब्दांपुरता तरी मुळातच सुटलेला असावा, अशी समजूत होणे स्वाभाविक आहे. परंतु तेथील व्यवसायनामे व हुद्दे तपासू लागले म्हणजे ती फार काळ टिकत नाही.

स्त्रीत्वदर्शक 'तार' हा प्रत्यय फिनिशमध्ये जुनाच आहे; 'कालेवाला' महाकाव्यातील वायुकन्या इल्मातार हिच्या नावात तो आढळतो. त्याच्याच आधारे 'ओपेत्ताया' म्हणजे शिक्षक या नामापासून 'ओपेत्तायातार', आणि 'लाउलाया' म्हणजे गायक यापासून 'लाउलायातार' अशी रूपे प्रचारात आली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती हळूहळू मागे पडली आणि वर्गात शिकविणारी स्त्री केवळ 'ओपेत्ताया' झाली.

पुरुषवाचक 'मिएस' हा शब्द मात्र हुद्द्यांत ठाण मांडून राहिला. कायदेपंडित तो 'लाकिमिएस', अग्निशामक तो 'पालोमिएस', वरिष्ठ तो 'एसिमिएस' आणि संसदेचा सभापती तो 'पुहेमिएस'. फिनलंडच्या स्त्रियांना मतदानाचा व उमेदवारीचा हक्क १९०६ साली मिळाला आणि पुढच्याच वर्षी १९ स्त्रिया संसदेत निवडून आल्या. तथापि १९९४ मध्ये रीत्ता उओसुकाइनेन पहिल्या स्त्री-सभापती झाल्या, तेव्हा त्यांना उद्देशून उच्चारल्या जाणाऱ्या 'रोउवा पुहेमिएस' या संबोधनात 'श्रीमती' आणि 'पुरुष' शेजारी शेजारी येऊन बसले.

फिनिश भाषा मंडळाने २००७ मध्ये लिंगनिरपेक्ष शब्दयोजनेची शिफारस केली, आणि २०१७ मध्ये ताम्पेरे येथील 'आमुलेहती' या दैनिकाने आपल्या स्तंभांपुरते तसे धोरण जाहीर केले. 'पालोमिएस'च्या जागी बचाव करणारा या अर्थाचा 'पेलास्ताया', आणि 'एसिमिएस'च्या जागी व्यक्तिवाचक 'एसिहेन्किलो' हे शब्द आता रुळले आहेत.

'मिएस' हा घटक झिजून निव्वळ पदवाचक उरला आहे, असे जुन्या शब्दांचे कैवारी म्हणतात. पण स्त्रीवाचक प्रत्यय अनावश्यक ठरून गळाला असेल, तर तोच न्याय पुरुषवाचक घटकालाही लागू व्हावयास हवा. 'तार' लोकांच्या बोलण्यातून आपोआप नाहीसा झाला, कारण त्याच्यामागे कोणतीही सत्ता उभी नव्हती. 'पुहेमिएस' मात्र २००० साली अंमलात आलेल्या राज्यघटनेच्या कलमांत लिहिलेला आहे, आणि दस्तऐवजात स्थिरावलेला शब्द बदलण्यासाठी केवळ वहिवाट पुरत नाही, विधिमंडळाचा निर्धार लागतो.