पाड्यावरच्या बालवाडीची ताई घडवावी लागते





आदिवासी पाड्यांवरील बालवाड्यांसाठी मदत करायची म्हटली की आपल्या मंडळ्यांतून पहिला प्रश्न येतो, "काय पाठवू?" मग पाट्या येतात, रंगपेट्या येतात, स्वेटर येतात, छपराच्या पत्र्यांसाठी वर्गणी जमते. हे सारे प्रेमाने दिलेले असते आणि उपयोगीही पडते. परंतु बालवाडीची सर्वांत मोठी गरज या यादीत क्वचितच असते. ती म्हणजे मुलांसमोर रोज बसणाऱ्या ताईचे प्रशिक्षण.

"तीन-चार वर्षांच्या मुलांना शिकवायचे तरी काय? सांभाळायला एक प्रेमळ बाई असली की झाले," असा समज आपल्यातही आहे. प्रेम तर हवेच. पण लहान मुलांना शिकते करणे ही एक विद्या आहे. ती शिकावी लागते आणि शिकवताही येते. या विद्येची महाराष्ट्रातील वाट आपल्या गिरगावातून आणि दादरमधून जाऊन थेट डहाणूच्या पाड्यांपर्यंत पोहोचली, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते.

गिरगाव : पंडिता रमाबाई आणि शारदा सदन

पंडिता रमाबाई १८८६ साली अमेरिकेला गेल्या. डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या गेल्या खऱ्या, पण तेथे लहान मुलांच्या शाळा पाहून त्या थांबल्या. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेल यांची किंडरगार्टन पद्धत त्यांनी अभ्यासली. खेळ, गाणे आणि हातकाम यांतून मूल शिकते, हा त्या पद्धतीचा गाभा.

परत येऊन ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू केले. विधवा आणि निराधार स्त्रियांनी शिकावे, शिक्षिका व्हावे आणि स्वतःच्या पायांवर उभे राहावे, असा त्यामागील हेतू होता. पुढच्याच वर्षी सदन पुण्याला गेले.

या कामामागे पैसा कसा उभा राहिला, ते आपण दात्यांनी लक्षात घेण्यासारखे आहे. अमेरिकेतील मित्रांनी १८८७ साली बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन केली आणि सलग दहा वर्षे मदत देण्याचे वचन दिले. एक वर्षाच्या देणगीवर इमारत भाड्याने घेता येते, शिक्षिका घडवता येत नाही. दात्यांनाही हे तेव्हा उमगले होते.

दादर : शिशुविहार

ताराबाई मोडक यांचा जन्म १८९२ साली मुंबईत झाला. प्रार्थना समाजाच्या विचारांत वाढलेले हे घर. पदवी घेतल्यानंतर काही वर्षांनी त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात दाखल झाल्या. गिजुभाईंनी मॉंटेसरी पद्धत वाचून, पारखून आपल्या मातीत रुजवली होती. मुलाला धाक नको आणि लालूचही नको, हा त्यांचा आग्रह. छडीने मूल गप्प बसते, बक्षिसाने पुढे धावते, पण दोन्हींत शिकण्याची स्वतःची ओढ मरते.

गिजुभाई आणि ताराबाई यांनी १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापला. पुढे १९३६ साली ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केले. मराठी मुलांसाठी बालमंदिर आणि त्याच्या जोडीला बालशिक्षिका घडवण्याचे काम, असे दोन्ही तेथे होते. शिक्षिका होऊ पाहणाऱ्या स्त्रीला मुलांमध्ये बसून, पाहून, हाताने करून शिकता येई.

पण दादरच्या बालमंदिरात येणारी मुले होती मध्यमवर्गीय घरांतली. लाकडी मॉंटेसरी साधने महाग होती. खेड्यातल्या, मजुराच्या मुलाचे काय, हा प्रश्न ताराबाईंना स्वस्थ बसू देईना.

बोर्डी आणि कोसबाड : शाळा अंगणात गेली

वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, १९४५ साली, ताराबाईंनी समुद्रकाठच्या बोर्डी गावात ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पस्तीस वर्षांच्या अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या. लहानपणीच वैधव्य आलेल्या आणि शिक्षिका म्हणून उभ्या राहिलेल्या अनुताईंनी पुढची सत्तेचाळीस वर्षे, १९९२ साली मृत्यू येईपर्यंत, याच कामाला दिली.

तो काळ कठीण होता. त्याच वर्षी डहाणू-तलासरी भागात वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध लढा उभारला होता. दुसऱ्याच्या शेतावर राबणाऱ्या आईबापांची मुले शाळेत कशी येणार? मोठी मुले गुरे राखत, मुली धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन फिरत. बालवाडीचे दार उघडून वाट पाहिली तरी मुले आली नाहीत.

तेव्हा बालवाडीच मुलांकडे गेली. शिक्षिका वस्तीत जाऊन एखाद्या घराच्या अंगणात मुले गोळा करू लागल्या. आधी हातपाय धुणे, केस विंचरणे, मग गाणी, गोष्टी, खेळ. अंगणातली म्हणून ती अंगणवाडी. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोहोचला.

केंद्र १९५७ साली कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे आणखी दोन वाटा निघाल्या. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शिक्षक कुरणावर जाऊ लागले, ती कुरणशाळा. आणि पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली, ती विकासवाडी. धाकटे भावंड पाळणाघरात सुरक्षित राहिले की थोरली बहीण मोकळेपणाने वर्गात बसू शके.

महागड्या साधनांचाही प्रश्न सुटला. शिंपले, चिंचोके, गुंजा, दगडगोटे, पाने, बिया हेच शिक्षणसाहित्य झाले. मॉंटेसरीचे तत्त्व कायम राहिले, वस्तू मात्र पाड्यावरच्या आल्या. हे कोणालाही जमले नसते. तत्त्व नीट कळलेल्या शिक्षिकेलाच साधन बदलता येते, नाहीतर ती पेटी उघडून मुलांपुढे ठेवते आणि पेटीतले काही हरवू नये याचीच काळजी करीत बसते.

प्रशिक्षणात काय शिकवले जाते?

पहिली गोष्ट, रडणाऱ्या मुलाला सामावून घेणे. नवे मूल आईचा पदर सोडत नाही. प्रशिक्षण नसलेली ताई आईला लगेच परत पाठवते आणि मुलाच्या हातात पाटी देते. जाणती ताई आईला किंवा थोरल्या बहिणीला काही दिवस सोबत बसू देते. मुलाची भीती गेल्यावरच शिकणे सुरू होते.

दुसरी गोष्ट, हातांना काम. चिंचोके एकीकडे, शिंपले दुसरीकडे अशी वाटणी करताना मूल सारखे-वेगळे, लहान-मोठे, कमी-जास्त हे ओळखू लागते. गणिताचा पाया तो हाच. मातीचे गोळे करताना, बिया चिमटीत धरताना बोटांत बळ येते, आणि ती बोटे पुढे पेन्सिल धरतात. पाड्यावरचे पालकही विचारतात, "ताई, अक्षरं कधी शिकवणार?" त्यांना हे समजावून सांगणे हाही ताईच्या कामाचा भाग आहे.

तिसरी गोष्ट, प्रश्न विचारून थांबणे. आपण मोठी माणसे मुलाला विचारतो आणि उत्तरही आपणच देऊन टाकतो. मुलाला विचार करायला, शब्द शोधायला वेळ लागतो. गप्प राहून वाट पाहणे शिकावे लागते.

चौथी गोष्ट, पाहणे. कोणते मूल हाक मारली तरी वळत नाही? कोणाचा कान वाहतो? कोणाचे वजन वाढत नाही? कोण नेहमी भिंतीशी बसते? अशा नोंदी ठेवणारी ताई आजार आणि कुपोषण वेळेवर ओळखते आणि आईला आरोग्य केंद्रापर्यंत घेऊन जाते. उपाशी मूल शिकू शकत नाही, हे तिला पुस्तकातून सांगावे लागत नाही. पण काय पाहायचे आणि पुढे कोणाला सांगायचे, हे सांगावे लागते.

हे सारे एका शिबिरात येत नाही. थोडे शिकायचे, पाड्यावर जाऊन करून पाहायचे, अडले की विचारायचे, पुन्हा शिकायचे, असा तो क्रम आहे. एखादी अनुभवी शिक्षिका महिन्यातून एकदा बालवाडीत येऊन शेजारी बसली, तर दहा व्याख्यानांहून अधिक उपयोग होतो.

भाषेचा उंबरठा

वारली, कातकरी, ठाकूर, मल्हार कोळी घरांतील मुले घरी जी बोली बोलतात, ती पाठ्यपुस्तकातील मराठीहून वेगळी आहे. पहिलीत आल्यावर मुलाला गुरुजींचे अर्धे बोलणे कळत नाही. ते गप्प बसते. गप्प मुलाला मंद समजले जाते, आणि असे मूल हळूहळू शाळेत येईनासे होते. आपण त्याला "शिक्षणाची आवड नाही" म्हणून मोकळे होतो.

बालवाडीची तीन वर्षे हा उंबरठा ओलांडण्यासाठी असतात. गोष्ट आधी घरच्या बोलीत सांगावी, मूल ती आपल्या शब्दांत सांगू लागले की तीच गोष्ट मराठीत ऐकवावी. गाणी दोन्ही भाषांत असावीत. म्हणूनच पाड्यावरचीच तरुणी ताई म्हणून घडवणे सर्वांत चांगले. तिला बोली येते, झाडांची नावे येतात, कोणाच्या घरात काय चालले आहे ते ठाऊक असते. शाळेचे शिक्षण थोडे कमी असेल, पण ते भरून काढता येते. बाहेरून आलेल्या ताईने मात्र आधी मुलांची बोली शिकायला बसावे.

वेळापत्रकही पाड्याचेच हवे. लावणीच्या दिवसांत घरात कोणी नसते, तेव्हा बालवाडी लवकर उघडावी लागते. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. मुले सोबत जातात. मुले कोणत्या भट्टीवर आहेत याची नोंद ठेवणारी आणि परतल्यावर त्यांना पुन्हा ओढून आणणारी ताई नसेल, तर वर्षाचे काम वाहून जाते.

आपण काय करू शकतो?

मार्काच्या दहाव्या अध्यायात शिष्य मुलांना आणणाऱ्यांना दटावतात आणि प्रभूला त्याचा राग येतो. तो मुलांना कवेत घेतो आणि आशीर्वाद देतो. त्या मुलांना काय येते, ती कोणाची, हे तो विचारत नाही. आपल्या बालवाड्यांचे दारही प्रत्येक घरच्या मुलाला असेच उघडे राहिले पाहिजे.

शक्य असल्यास आपले दान एका ताईच्या संपूर्ण प्रशिक्षणासाठी द्या. तिचा प्रवासखर्च, राहणे-जेवण आणि त्या दिवसांची बुडालेली मजुरी, हे तिन्ही धरा. तिचे स्वतःचे मूल लहान असेल तर त्याला सांभाळण्याची सोयही हवी. मजुरी बुडते म्हणून हुशार मुली प्रशिक्षण अर्ध्यावर सोडतात. आणि देणगी एक वर्षाची न देता काही वर्षांची ठरवा.

गिरगाव, दादर, परळ, लालबाग येथील मंडळ्यांत निवृत्त शिक्षिका पुष्कळ आहेत. चर्चगेटहून डहाणू साधारण सव्वाशे किलोमीटर आहे, आणि लोकल थेट जाते. एक दिवसाची भेट देऊन खाऊ वाटण्यापेक्षा दर महिन्याला त्याच बालवाडीत जाऊन त्याच ताईच्या शेजारी बसणारी शिक्षिका आम्हाला हवी आहे. ज्यांना जाणे जमत नाही, त्यांनी कापडी बाहुल्या, चित्रांचे तक्ते, मोठ्या चित्रांची थोड्या शब्दांची पुस्तके तयार करून द्यावीत. मोडकी खेळणी मात्र कृपया पाठवू नका.

आणि वार्षिक अहवाल हाती आला की किती खोल्या बांधल्या एवढेच विचारू नका. किती ताई शिकल्या, आणि त्यांतील किती अजून कामावर टिकून आहेत, हेही विचारा.

प्रार्थनेसाठी

• पाड्यांवर काम करणाऱ्या सर्व बालवाडी ताई आणि अंगणवाडी सेविका, त्यांचे आरोग्य आणि त्यांची घरे यांसाठी.

• आईबापांबरोबर वीटभट्ट्यांवर जाणाऱ्या मुलांच्या सुरक्षिततेसाठी आणि ती पुन्हा बालवाडीत परतावीत म्हणून.

• या वर्षी पहिलीत पाऊल टाकणाऱ्या मुलांसाठी, त्यांचे बोलणे धीराने ऐकून घेणारे शिक्षक त्यांना लाभावेत म्हणून.

• ही सेवा वर्षानुवर्षे चालवण्याची चिकाटी आपल्या मंडळ्यांना मिळावी म्हणून.