सरकता षड्ज

तलवाड्यात राहून जॅझ शिकतो म्हटलं की ऐकणारा आधी वाद्याचं विचारतो. सॅक्सोफोन घेतला का? ट्रम्पेट घेतलं का? दोन्ही घेतलेलं नाही. शिक्षण सुरू झालं ते घरच्या पेटीवर, आणि पेटीनं या शिक्षणात जेवढं दिलं तेवढंच अडवलंही. ती कुठे हात देते आणि कुठे अडवते हे पाहिलं, की जॅझमध्ये ऐनवेळी नवं वाजवणं हे नेमकं कशाचं काम आहे, ते बरंचसं उलगडतं.

गेवराई तालुक्यातलं आमचं गाव त्वरिता देवीचं. भजनी मंडळात पेटीची साथ करायची, सप्ताहात काकड्यापासून हरिपाठापर्यंत बसायचं, गाणारा ज्या पट्टीत उचलेल त्या पट्टीत बोटं टाकायची, ही माझी शाळा. दसऱ्यानंतर मंडळातले काही जण ऊसतोडीला जातात आणि बैठका विरळ होतात. त्या मोकळ्या संध्याकाळी शिकवणी लागली. सर मुंबईत पियानो वाजवतात. मी घरात बसतो, फोन भिंतीला टेकवलेला असतो.

फोनवर दोघांनी एकाच वेळी वाजवता येत नाही. आवाज पोचायला जो किंचित उशीर होतो, तेवढ्यात लय फाटते. म्हणून सर आधी ड्रम आणि बास वाजत असलेला ट्रॅक पाठवतात. तो माझ्याकडे लावायचा, त्यावर मी वाजवायचं, त्यांनी ऐकायचं. मग त्यांनी त्यांच्याकडे लावून उत्तर द्यायचं. अमेरिकेत जेमी एबरसोल्ड यांनी 1967 मध्ये सोलो वादकाची जागा मोकळी सोडलेल्या अशा रेकॉर्डी काढायला सुरुवात केली, आणि ज्याच्या गावात जॅझचा वाद्यवृंद नाही त्यालाही घरबसल्या सराव करता येऊ लागला. आता ते फोनमध्ये आलं आहे. तबल्याच्या रियाजाला लेहरा असतो, तसाच हा आधार. पण या आधाराखालची जमीन हलती असते, आणि खरी गोष्ट तिथे सुरू होते.

आपल्याकडे षड्ज एकदा लागला की बैठक संपेपर्यंत तो हलत नाही. गायक कितीही दूर गेला तरी सा जागेवर असतो आणि प्रत्येक सुराचं नातं त्या एका साशी असतं. जॅझमध्ये दर दोन-चार मात्रांनी खालची कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा सुरांचा गट, बदलते आणि तोच सूर वेगळ्या नात्यानं ऐकू येतो. सरांनी हे तीन कॉर्डच्या एका साखळीवर शिकवलं. पांढरी एकचा सा धरा. पहिली कॉर्ड रे, म, ध, सा. दुसरी प, नी, रे, म. तिसरी सा, ग, प, नी. जॅझच्या असंख्य चालींत ही तीन पावलं सापडतात. प्रत्येक कॉर्डमधले दोनच सूर उचला, त्या कॉर्डच्या मुळापासून तिसरा आणि सातवा. पहिल्या कॉर्डमध्ये म आणि सा. दुसरीकडे जाताना म जागेवर राहतो, सा अर्ध्या सुरानं उतरून नी होतो. तिसरीकडे जाताना नी जागेवर राहतो, म उतरून ग होतो. एका वेळी एकच सूर हलतो, तोही सर्वांत लहान पाऊल टाकून. बाकी काहीच वाजवलं नाही तरी कानाला कळतं की आपण कुठून निघालो आणि कुठे पोचलो. सरांचं म्हणणं असं की शंभर ताना पाठ असल्या आणि हे दोन सूर ऐकू येत नसतील, तर वादक रस्ता न पाहता गाडी हाकतो आहे.

इथे पेटी आडवी आली. पेटीचा डावा हात भात्यावर. आयुष्यभर त्या हातानं हवा भरली, सूर कधी वाजवला नाही. उजव्या हातानं हे दोन सूर धरले की वरती वाजवायला बोटं उरेनात. म्हणून कॅसियो घरात आला आणि डावा हात मोकळा झाला. या हाताला शहाणं करणं हे माझ्या शिक्षणातलं सर्वांत संथ काम आहे. उजवा हात एका क्षणात जे ऐकून उचलतो, ते डाव्या हाताला आधी नुसतं पाहावं लागतं, मग मोजावं लागतं, मग विसरावं लागतं.

पण याच पेटीनं एक मोठी गोष्ट आयती दिली. आकाशवाणीनं 1940 मध्ये पेटीवर बंदी घातली आणि ती 1971 पर्यंत टिकली. आक्षेप असा होता की पेटीचे सूर समान अंतरांवर बांधलेले, म्हणून रागाच्या श्रुती त्यात लागत नाहीत आणि मींड तर निघतच नाही. रागसंगीताच्या बाजूनं हा आक्षेप खरा आहे. जॅझला मात्र ही समान अंतरंच लागतात. सा दर काही मात्रांनी जागा बदलणार असेल तर प्रत्येक पट्टीवर सप्तक सारखंच वाजायला हवं. शिवाय साथ करणाऱ्याला काळी एक, पांढरी चार, काळी पाच अशी कुठूनही चाल उचलायची सवय असते. गायकाचा गळा बसलेला असला तर त्या दिवशी सगळी भजनं एक पट्टी खाली. पट्टी बदलण्याचा हा सराव मंडळात झाला होता. जॅझनं एवढंच मागितलं की तो बदल गाणं चालू असताना करा.

म्हणून सरांनी पहिली मोठी चीज दिली ती माइल्स डेव्हिस यांची ‘सो व्हॉट’. 2 मार्च 1959 रोजी न्यू यॉर्कमध्ये ती ध्वनिमुद्रित झाली आणि ‘काइंड ऑफ ब्लू’ या तबकडीत आली. तिचं आवर्तन 32 भागांचं, प्रत्येक भाग चार मात्रांचा. पहिले 16 भाग एकाच सप्तकात, पुढचे 8 अर्ध्या सुरानं वर, शेवटचे 8 परत मूळ जागी. कॉर्डची गर्दी नाही. ते सप्तक म्हणजे आपला काफी थाट. पांढरी दोन सा धरला की सगळ्या पांढऱ्या पट्ट्या. मधल्या आठ भागांत सा काळी दोनवर सरकतो आणि पाचही काळ्या पट्ट्या व फक्त दोन पांढऱ्या उरतात. हात डोळ्यांदेखत पांढऱ्यावरून काळ्यावर चढतो.

त्या दोन पांढऱ्या पट्ट्यांवर आम्ही कितीतरी संध्याकाळी घालवल्या. त्यातली एक पांढरी चार. पहिल्या सप्तकात ती कोमल गंधार असते. सा वर सरकला की तीच पट्टी, बोट न उचलता, शुद्ध रिषभ होते. दुसरी पांढरी एक. ती कोमल निषादाची शुद्ध धैवत होते. सर सांगत, सतराव्या भागावर जाताना या दोघींपैकी एकीवर थांबून राहा. बोट स्थिर, खालचा बास सरकतो आणि सुराचा रंग बदलतो. तो बदल मला पहिल्यांदा स्पष्ट ऐकू आला तेव्हा कळलं की नवं वाजवण्यासाठी दर वेळी नवा सूर लागत नाही. जुनाच सूर नव्या जागी ऐकता आला पाहिजे. जुन्या संगीतग्रंथांतल्या मूर्च्छनेमागचं गणित हेच आहे, पण बोटाखाली ते घडताना ऐकणं ही निराळी गोष्ट आहे.

मग गाणं आलं. वाद्य बाजूला ठेवून त्याच चीजेतला माइल्स यांचा दोन आवर्तनांचा सोलो गळ्यानं म्हणायचा, मूळ रेकॉर्डिंगबरोबर, श्वासासकट. फोनवर पट्टी न बदलता वेग निम्मा करता येतो. आधी तसं, मग मूळ वेगात. गळ्यात पक्का बसल्याशिवाय बोट लावायचं नाही. ही रीत लेनी ट्रिस्टानो यांच्याकडून चालत आली आहे. शिकागोत 1919 मध्ये जन्मलेले हे अंध पियानोवादक न्यू यॉर्कला घरी शिकवण्या घेत आणि विद्यार्थ्यांकडून लेस्टर यंग यांचे सोलो आधी गाऊन घेत. त्यांचे शिष्य, सॅक्सोफोनवादक ली कोनिट्झ यांनी पुढे दहा पायऱ्यांची एक पद्धत मांडली. पहिल्या पायरीवर मूळ चाल जशीच्या तशी, पुढच्या पायरीवर तिच्यात थोडीशी भर, मग आणखी भर, आणि शेवटच्या पायरीवर संपूर्ण नवी चाल. भजनातला गायकही ओळ आधी सरळ म्हणतो, दुसऱ्यांदा तिला वळण देतो, तिसऱ्यांदा वरच्या सप्तकात नेतो. सरळ म्हणता न येणाऱ्याला वळण देण्याचा अधिकार नाही, ही शिस्त दोन्हीकडे सारखीच कडक आहे.

बारा भागांच्या ब्लूजमध्येही ओळखीचं काही सापडलं. चार भाग सा-ची कॉर्ड, दोन म-ची, दोन सा-ची, मग एक प-ची, एक म-ची, आणि शेवटचे दोन पुन्हा सा-ची. चार-चार मात्रांचे बारा भाग म्हणजे 48. विलंबित एकतालाची मात्रा चार भागांत मोजली तरी आकडा तोच येतो, त्यामुळे एवढं लांब आवर्तन मनात धरून ठेवणं जड गेलं नाही. सुरांचंही तसंच. ब्लूजचे सा, कोमल ग, म, प, कोमल नी म्हणजे धानी रागाचेच सूर, त्यात तीव्र मध्यमाची ठिणगी. गायक गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मधोमध लावतो. पियानोवर तो निघत नाही, म्हणून कोमल गंधाराचा कण घेऊन शुद्धावर यायचं. पेटीवर मींडेची हूल द्यायला आपण वर्षानुवर्षं हीच युक्ती वापरतो.

लय मात्र पुन्हा शिकावी लागली. आपला हात समेवर पडतो. जॅझमध्ये टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. सर मेट्रोनोम निम्म्या वेगात लावून त्याचा प्रत्येक ठोका दोन आणि चार समजायला सांगतात. एक आणि तीन आपण मनात धरायचे. सम कोणी वाजवून देत नाही, ती स्वतःजवळ ठेवावी लागते. मात्रेचे दोन अर्धेही समान नसतात, पहिला लांब आणि दुसरा आखूड, आणि किती लांब हे लयीवर ठरतं. ते मोजून येत नाही. लुई आर्मस्ट्राँग यांच्या रेकॉर्डिंगबरोबर चालत राहिलं की अंगात भिनतं.

हे संगीत महाराष्ट्राला परकं नाही, याची आठवण इथे ठेवायला हवी. गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलांना व्हायोलिन आणि स्वरलेखन शिकवलं जाई. त्यातले अनेक जण मुंबईच्या हॉटेलांतल्या वाद्यवृंदांत आले. लिऑन ॲबी यांचा आफ्रिकी-अमेरिकी वादकांचा वृंद 1935 मध्ये ताजमहाल हॉटेलात वाजला. आल्डोन्याचे आंतोनियो झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावानं मुंबईचे आर्मस्ट्राँग म्हणून गाजले आणि पुढे सी. रामचंद्र यांच्या संगीतात सहायक झाले. सी. रामचंद्र पुणतांब्याचे, गोदाकाठचे; आमचा तालुकाही गोदाकाठचाच. 1951 च्या ‘अलबेला’तली त्यांची गाणी आमच्याकडच्या बँडवाल्यांनी वरातींत वाजवली आहेत. म्हणजे या संगीताची लय गावात येऊन गेली होती. कॉर्डची वाट आणि त्या वाटेवर स्वतःचं बोलणं, एवढं मात्र मागे राहून गेलं.

या शिक्षणानं माझी भजनातली साथ बदलली आहे. तिथे मी कॉर्ड वाजवत नाही. अभंगाच्या चालीखाली कॉर्ड रेटणं मला पटत नाही. बदल ऐकण्यात झाला. गायकाच्या दोन ओळींमधल्या जागा पूर्वी सवयीच्या तुकड्यांनी भरल्या जात. आता त्यानं ओळ ज्या सुरावर सोडली तो सूर उचलतो आणि तिथूनच पुढे जातो. सरांनी एक बंधन घातलं होतं: एका आवर्तनात तीनच सूर वापरायचे, फरक करायचा तो लयीत आणि थांबण्यात. त्या बंधनातून कळलं की सुचत नाही असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेकदा आपण ऐकत नसतो. सुचणं ही देणगी असेल, पण ऐकणं, जागा ओळखणं, आवर्तन न सोडणं आणि एक छोटा तुकडा चारही बाजूंनी वळवून पाहणं, हे सगळं शिकवता येतं. आणि सुचतं ते याच तयारीवर.

म्हणून आता घरी बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारा एक मुलगा येतो. वाचून वाजवायची त्याला सवय नाही, कानानं मात्र तो चटकन उचलतो. त्याचं क्लॅरिनेट बोटांच्या नावापेक्षा एक पूर्ण सूर खाली वाजतं. त्यामुळे माझी पांढरी दोन म्हणजे त्याची तीन, एवढा हिशेब आधी पक्का केला. आधी त्याला लग्नातली एक चाल सरळ वाजवायला लावली, मग दुसऱ्या फेरीत एकच सूर बदलायला सांगितला. कोणता, हे मी सांगत नाही. तो त्यानं ऐकून ठरवायचा आणि का ठरवला ते मला गाऊन दाखवायचं.