डॅशकॅम घेताय? आधी हे वाचा

15 फेब्रुवारी 2013. रशियातल्या चेल्याबिन्स्कच्या आकाशात उल्का फुटली आणि ते दृश्य जगाला दिसलं ते मुख्यतः गाड्यांमधल्या डॅशकॅममुळे. शास्त्रज्ञांनी उल्केचा मार्ग शोधायलाही हे चित्रण वापरलं. रशियन चालकांनी कॅमेरे लावले होते ते मात्र अपघातातली भांडणं आणि विम्याचे खोटे दावे यांना वैतागून.

आपल्याकडे राँग साइडने येणारे काय कमी आहेत? धडक झाली की गर्दी जमते, आवाज चढतात. अशा वेळी चित्रण पोलिसांना आणि विमा कंपनीला दाखवता येतं. कोर्टात मात्र भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 नुसार प्रमाणपत्र जोडावं लागतं. म्हणून मूळ फाइल काटछाट न करता जपावी.

निवडताना पहिली कसोटी उन्हाची. विदर्भातल्या मे महिन्यात बंद गाडी भट्टीसारखी तापते. कॅमेऱ्यातली लिथियम बॅटरी तिथे फुगू शकते. बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर असलेला कॅमेरा जास्त टिकतो.

दुसरी कसोटी नंबरप्लेटची. 1080पी ही किमान पातळी, 1440पी अधिक बरं. रात्रीचं नमुना चित्रण पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. लेन्सचा कोन फार रुंद असेल, तर दूरची प्लेट बारीक दिसते.

लूप रेकॉर्डिंग जुनं पुसून नवं लिहितं; धक्का बसताच जी-सेन्सर ती क्लिप राखून ठेवतो. सततच्या लिखाणाने साधं मेमरी कार्ड लवकर दगावतं, त्यामुळे ‘हाय एन्ड्युरन्स’ कार्डच घ्यावं. गाडी उभी असतानाही चित्रण करणारा पार्किंग मोड हवा असेल, तर कॅमेरा थेट गाडीच्या वीजपुरवठ्याला जोडणाऱ्या हार्डवायर किटचा खर्च वेगळा धरावा.