वायफायच्या दाराला कुलूप हवेच!

अहमदाबादमध्ये २६ जुलै २००८ च्या संध्याकाळी साखळी बॉम्बस्फोट झाले. त्यांत ५६ जणांचे प्राण गेले आणि दोनशेहून अधिक लोक जखमी झाले. पहिला स्फोट होण्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांच्या कार्यालयांत एक ई-मेल येऊन थडकला होता. 'इंडियन मुजाहिदीन'च्या नावाने आलेल्या त्या पत्रात हल्ल्याची आगाऊ कबुली होती. पत्र कोठून आले याचा शोध सुरू झाला आणि तो माग अहमदाबादेत न थांबता थेट नवी मुंबईत, सानपाड्यातील एका उंच इमारतीतील सदनिकेपर्यंत पोहोचला. तेथे एक अमेरिकी नागरिक कुटुंबासह भाड्याने राहत होता.

महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकाने त्याचे संगणक ताब्यात घेतले आणि त्याची चौकशी केली. देशभरातील वृत्तपत्रांत सानपाड्याचे नाव झळकले. पुढे तपासात निराळेच चित्र समोर आले. त्या घरातील बिनतारी इंटरनेट जोडणी पुरेशी संरक्षित नव्हती आणि तिचा फायदा घेऊन बाहेरच्याच कोणीतरी तो ई-मेल पाठवला, असा निष्कर्ष पोलिसांनी काढला. त्या घरातील माणसाचा कटाशी संबंध नव्हता. तरीही आपले निर्दोषत्व पटवण्यासाठी त्याला कित्येक आठवडे चौकशीला तोंड द्यावे लागले.

हा प्रकार एकदाच घडला असता, तर योगायोग म्हणून विसरला गेला असता. परंतु ऑगस्ट २००८ मध्ये आलेल्या पुढच्या ई-मेलचा माग माटुंग्यातील एका महाविद्यालयाच्या वायफायपर्यंत गेला. १३ सप्टेंबर २००८ रोजी दिल्लीत स्फोट झाले, त्या वेळचा ई-मेल चेंबूरमधील एका खासगी कंपनीच्या जोडणीवरून निघाला होता. उघडी वायफाय शोधायची, तिच्या टप्प्यात काही मिनिटे थांबायचे, पत्र धाडायचे आणि निघून जायचे, अशी ही पद्धत होती. ऑक्टोबर २००८ मध्ये मुंबई गुन्हे शाखेने या ई-मेल प्रकरणात ज्यांना अटक केली, त्यांत पुण्यात काम करणारे संगणक अभियंतेही होते. अहमदाबाद खटल्याचा निकाल लागण्यास मात्र फेब्रुवारी २०२२ उजाडले. विशेष न्यायालयाने ४९ जणांना दोषी ठरवून त्यांपैकी ३८ जणांना फाशीची, तर ११ जणांना जन्मठेपेची शिक्षा सुनावली.

माग घरापर्यंत येतो कसा?

इंटरनेटवरील प्रत्येक जोडणीला एक क्रमांक असतो. त्याला आयपी पत्ता म्हणतात. त्या काळी अनेक ई-मेल सेवा प्रत्येक पत्राच्या तांत्रिक नोंदींत पाठवणाऱ्याचा हा पत्ता लिहून ठेवत. तो कोणत्या इंटरनेट कंपनीचा आहे हे पोलिसांना लगेच कळते आणि त्या दिवशी, त्या वेळी तो कोणत्या ग्राहकाला दिला होता हे कंपनीच्या नोंदवहीतून समजते. येथपर्यंतचा तपास अचूक असतो. खरी अडचण त्यानंतर सुरू होते.

गृहनिर्माण सोसायटीचा टपाली पत्ता एकच असतो आणि आत सदनिका अनेक असतात. घरातील राऊटरचेही तसेच आहे. त्याला जोडलेले सर्व मोबाइल, लॅपटॉप आणि टीव्ही बाहेरच्या जगाला एकाच आयपी पत्त्याने दिसतात. आतल्या कोणत्या यंत्रावरून पत्र गेले हे फक्त राऊटरला ठाऊक असते. घरगुती राऊटरची नोंदवही मात्र छोटी असते. बहुतेक राऊटरमध्ये ती थोड्याच काळात पुसली जाते, आणि वीज गेली तर सहसा संपूर्ण नाहीशी होते. त्यामुळे इमारतीखाली गाडीत बसून कोणी आपली जोडणी वापरली, तर 'तो मी नव्हेच' हे सिद्ध करणारा पुरावा घरमालकाच्या हाती बहुधा उरत नाही. केवळ आयपी पत्त्यावरून गुन्हा शाबीत होत नाही हे खरे; पण चौकशीची पहिली घंटा त्याच दारावर वाजते.

तारेच्या जोडणीत हा धोका नव्हता, कारण तार घराच्या भिंतीत संपते. वायफायच्या रेडिओ लहरींना भिंतींचे बंधन नसते. जिना, शेजारची सदनिका, वरचा-खालचा मजला, वाहनतळ अशा सर्व ठिकाणी त्या पोहोचतात. वाशी, नेरूळ किंवा खारघरच्या दाट वस्तीत मोबाइलवर वायफायची यादी उघडली की शेजारपाजारच्या दहा-वीस जोडण्यांची नावे दिसतात. आपली जोडणीही तितक्याच जणांना दिसत असते.

कुलपे बदलत गेली

वायफायच्या पहिल्या पिढीबरोबर १९९७ मध्ये डब्ल्यूईपी नावाचे कुलूप आले. त्यातील मूलभूत दोष २००१ मध्ये उघड झाले आणि २००७ मध्ये जर्मनीतील डार्मस्टाट येथील संशोधकांनी ते मिनिटभरात उघडून दाखवले. तात्पुरता उपाय म्हणून २००३ मध्ये डब्ल्यूपीए आणि त्यापाठोपाठ २००४ मध्ये अधिक भक्कम डब्ल्यूपीए-२ ही पद्धत आली. तिच्यातीलही एक त्रुटी २०१७ मध्ये सापडली. उत्पादकांनी त्यावर सुधारणा दिल्या आणि २०१८ मध्ये डब्ल्यूपीए-३ जाहीर झाली. यातून काढायचा अर्थ सोपा आहे. राऊटरमध्ये डब्ल्यूपीए-३ असेल तर तीच निवडावी, नसल्यास डब्ल्यूपीए-२ आणि तिची 'एईएस' ही पद्धत घ्यावी. ज्या राऊटरमध्ये केवळ डब्ल्यूईपी किंवा जुनी डब्ल्यूपीए उपलब्ध आहे, तो बदलणे हाच उपाय होय.

मोबाइल क्रमांक हा पासवर्ड नव्हे

कुलूप मजबूत आणि किल्ली पायपुसण्याखाली, अशी अनेक घरांची स्थिती असते. जोडणी देण्यास आलेला तंत्रज्ञ लक्षात राहावा म्हणून ग्राहकाचा मोबाइल क्रमांकच पासवर्ड म्हणून टाकतो आणि तो वर्षानुवर्षे तसाच राहतो. दहा आकडी क्रमांक सुरक्षित वाटतो, परंतु हिशेब वेगळे सांगतो. भारतातील मोबाइल क्रमांक ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात. म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. डब्ल्यूपीए-२ जोडणीत एखादे यंत्र जोडले जात असतानाची देवाणघेवाण हवेतून टिपता येते आणि नंतर निवांतपणे घरी बसून पासवर्ड पडताळता येतात. शक्तिशाली ग्राफिक्स कार्ड सेकंदाला काही लाख पासवर्ड तपासू शकते. या वेगाने ४०० कोटी शक्यता काही तासांत संपतात. शेजाऱ्याकडे तर तो क्रमांक आधीपासूनच असतो! आडनाव आणि सदनिका क्रमांक, मुलांची नावे, जन्मतारीख यांचीही तीच गत आहे.

याउलट, एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द रोमन लिपीत सलग लिहिले, तर वीसहून अधिक अक्षरांचा पासवर्ड तयार होतो. तांब्या, घाट, पतंग, सुतार अशा धर्तीचे शब्द घरच्यांना लक्षात राहतात, पण यंत्राला तर्काने सापडत नाहीत. म्हण, अभंगाची ओळ किंवा चित्रपटाचे नाव मात्र टाळावे, कारण अशा प्रसिद्ध शब्दसमूहांच्या याद्या तयार असतात.

राऊटरमध्ये काय बदलावे?

राऊटरला आणखी एक, वेगळा पासवर्ड असतो. तो वायफाय वापरण्याचा नसून राऊटरची मांडणी बदलण्याचा असतो. नव्या राऊटरवर तो बहुधा 'अॅडमिन' असाच असतो किंवा मागच्या चिठ्ठीवर छापलेला असतो. तंत्रज्ञ गेल्यावर पहिल्याच दिवशी हे दोन्ही पासवर्ड बदलावेत. असे मूळ पासवर्ड न बदललेली कॅमेरे, राऊटर यांसारखी उपकरणे ताब्यात घेऊनच २०१६ मध्ये 'मिराई' या घातक प्रणालीने अमेरिकेतील अनेक मोठी संकेतस्थळे काही तास ठप्प केली होती.

डब्ल्यूपीएस ही सोय बंद करावी. आठ आकडी क्रमांक टाकून यंत्र जोडण्याची ही युक्ती सोयीची आहे; पण डिसेंबर २०११ मध्ये तिचा दोष उघड झाला. राऊटर त्या क्रमांकाचे दोन भाग वेगवेगळे तपासतो आणि शेवटचा आकडा केवळ पडताळणीचा असतो. त्यामुळे कोट्यवधी प्रयत्नांऐवजी जास्तीत जास्त ११ हजार प्रयत्न पुरतात. राऊटरची मांडणी बाहेरून, इंटरनेटवरून बदलू देणारी सोयही बंद ठेवावी. राऊटरमधील आज्ञावलीची नवी आवृत्ती आली आहे का, हे दर दोन-तीन महिन्यांनी पाहावे.

पाहुण्यांना वायफाय नाकारणे आपल्याकडे अवघड! त्यासाठी बहुतेक नव्या राऊटरमध्ये पाहुण्यांसाठी स्वतंत्र जोडणीची सोय असते. तिला वेगळा पासवर्ड द्यावा आणि तो अधूनमधून बदलावा. स्मार्ट टीव्ही आणि कॅमेरेही त्याच जोडणीवर ठेवले, तर घरचा संगणक त्यांच्यापासून अलग राहतो.

दोन लोकप्रिय उपायांवर मात्र विसंबू नये. पहिला, वायफायचे नाव लपवणे. नाव लपवले तरी लहरी लपत नाहीत, आणि आपलाच मोबाइल ते नाव हवेत पुकारत राहतो. दुसरा, ठरावीक यंत्रांनाच त्यांच्या मॅक क्रमांकावरून प्रवेश देणे. हा क्रमांक हवेतून वाचता येतो आणि त्याची नक्कलही करता येते. शिवाय अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून मोबाइल स्वतःच बनावट मॅक क्रमांक वापरतात.

घुसखोर दिसल्यास

राऊटरच्या पानावर किंवा त्याच्या अॅपमध्ये जोडलेल्या यंत्रांची यादी दिसते. घरातील यंत्रे मोजावीत आणि यादीशी ताडून पाहावीत. अनोळखी यंत्र आढळल्यास दोन्ही पासवर्ड ताबडतोब बदलावेत; त्यामुळे सर्वच यंत्रे बाहेर पडतात आणि नवा पासवर्ड माहीत असणारीच परत येतात. गैरवापराचा संशय असेल तर यादीचे छायाचित्र काढून ठेवावे आणि मगच बदल करावेत. तक्रारीसाठी १९३० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आणि केंद्र सरकारचे सायबर गुन्हे नोंदणीचे संकेतस्थळ उपलब्ध आहे. परवानगीविना दुसऱ्याचे जाळे वापरणे हे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ मध्ये मोडते. ते अप्रामाणिकपणे केल्यास कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

सानपाड्याच्या घटनेनंतर जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी उघड्या वायफाय जोडण्या शोधण्याची मोहीम हाती घेतली. फेब्रुवारी २००९ मध्ये केंद्राच्या दूरसंचार विभागाने इंटरनेट कंपन्यांना वायफायच्या सुरक्षित वापराबाबत निर्देश दिले. त्यानंतर उघडी घरगुती जोडणी दुर्मिळ झाली, परंतु तिची जागा मोबाइल क्रमांकाच्या पासवर्डने घेतली. घराबाहेर पडताना कुलूप लागले की नाही हे आपण ओढून पाहतो. राऊटरच्या कुलपासाठी लागणारा वेळ जेमतेम अर्ध्या तासाचा आहे. तो न दिल्यास कोणाच्या तरी कृत्याचा जाब आपल्या दाराशी येऊन विचारला जाऊ शकतो, हे नवी मुंबईने एकदा पाहिले आहे.