कालव्याच्या पाळीने सिंभोऱ्यापर्यंत

तुमच्या गावाशेजारून कालवा जात असेल तर एक प्रश्न घरात विचारून पाहा. या कालव्याचे पाणी जिथून निघते ते धरण आपल्यापैकी किती जणांनी पाहिले आहे?

धामणगाव रेल्वे तालुक्यातल्या एका टेलच्या गावात मी हाच प्रश्न विचारला होता. गेलो होतो हरभऱ्यावरच्या घाटेअळीचे सांगायला, पण बैठक वळली पाण्याकडे. एक जण म्हणाला, "साहेब, धरण भरलं म्हणतेत, अन् आमच्या मायनरले वल बी नाई. पाणी जाते कोठी?" मी विचारले, धरण कोणी पाहिले आहे? तीस-पस्तीस माणसांत एका म्हाताऱ्याचा हात वर आला, तोही लेक मोर्शीकडे दिली म्हणून. पोरे म्हणाली, जीप करून जाऊ. मी म्हटले, जीप सडकेने जाईल, धरण दिसेल, पण कालवा दिसणार नाही. पाणी कोठे जाते हे पाहायचे तर पाळीपाळीनेच गेले पाहिजे, आणि त्याला सायकलच बरी.

अप्पर वर्धाचा उजवा कालवा सिंभोऱ्याहून निघून मोर्शी, तिवसा, चांदूर रेल्वे, धामणगाव रेल्वे असा खाली येतो. लांबी १०० किलोमीटरच्या आसपास. त्याच्या काठाने खात्याच्या देखरेखीसाठी मुरमाचा रस्ता असतो. मोठ्या कालव्याचा उतार किलोमीटरमागे जेमतेम वीतभर ठेवतात, म्हणून तो टेकाडे टाळत, वळसे घेत जातो. सायकलवाल्याला चढ नाही, पण सडकेने वीस किलोमीटरवर असलेले गाव पाळीने तीसवर जाते. हिशेब करताना हे विसरू नका.

परदेशात अशा सहली जुन्या आहेत. फ्रान्समध्ये १६८१ साली खुला झालेला सुमारे २४० किलोमीटरचा एक कालवा आहे, कनाल द्यु मिदी. घोड्यांनी काठावरून नावा ओढायच्या म्हणून तिथे वाट केली होती, तिच्यावर आज सायकली चालतात. अमेरिकेत ईरी कालव्याच्या काठाने दरवर्षी शेकडो माणसे आठ दिवस सायकलवर जातात. तिथे वाट राखलेली, पाट्या लावलेल्या. आपली वाट राखलेली नाही, म्हणून आपल्याला तयारी जास्त.

पहिली तयारी घरची. चार दिवस धारा कोण काढणार, ओलिताला रात्री कोण जाणार, हे ठरल्याशिवाय सायकलीला तेल देऊ नका. आमच्या पोरांनी कपाशीची दुसरी वेचणी आटोपल्यावर आणि तूर कापणीला येण्याआधीचे दिवस धरले, म्हणजे डिसेंबरचा मधला आठवडा. दोघांच्या गाई शेजाऱ्यांनी सांभाळल्या, त्याबद्दल त्यांच्याकडे एक-एक दिवस वेचणीला जायचे ठरले. असा रोख व्यवहार आधी झाला की मागून कुरकुर राहत नाही.

दुसरे, पाण्याची वेळ. पाळी बंद असताना गेलात तर कोरडा कालवा पाहून याल. पाणी सुटल्याच्या दिवशी निघालात तर तुमच्याकडचा भाग कोरडाच दिसेल, कारण वरचे पाणी शेवटापर्यंत पोचायला दिवस लागतात. शाखा कार्यालयात विचारा, पाणी सुटून चार-पाच दिवस झाले की निघा. त्याच खेपेला उपविभागाच्या नावाने साधा अर्ज द्या. पाळ ही सार्वजनिक सडक नाही, खात्याची आहे. अर्जात माणसांची नावे, तारखा आणि मुक्काम लिहा. पोच घ्या आणि ती खिशात ठेवा, वाटेत चौकीदार हटकतोच.

तिसरे, कोणीतरी आधी मोटरसायकलवर जाऊन वाट पाहून आले पाहिजे. नाल्यावर जलसेतू आला की पुष्कळदा रस्ता तुटतो, कुठे बाभळी आणि घाणेरीने वाट बुजलेली असते. असे प्रत्येक ठिकाण वहीत लिहून जवळच्या गावातून फिरून पुन्हा पाळीवर कसे यायचे ते नोंदवा. आम्ही हे अर्धेच केले आणि पहिल्याच दिवशी सायकली खांद्यावर घेऊन नाला उतरावा लागला.

रोजचा पल्ला तीस-पस्तीस किलोमीटरपेक्षा मोठा धरू नका. डांबरावर पन्नास करणारा गडी मुरमावर पस्तीसला थकतो. हिवाळ्यात वारा उत्तरेकडचा, म्हणजे धरणाकडे जाताना तोंडावर. तरीही मी खालून वरच जा असे सांगेन. टेलच्या माणसाला पाणी कोठे कोठे कमी होत आले ते याच बाजूने क्रमाने कळते. जिथे पाझर आहे तिथे काळी माती चाकाला आणि मडगार्डला अशी धरते की चाक फिरत नाही. तिथे उतरून चालणे बरे. अंधार पडल्यावर मात्र अजिबात चालवू नका. रानडुक्कर आणि रोही यांच्यासाठी धुऱ्यावर तारा लावलेल्या असतात. कोणती झटका मशीनची आणि कोणत्या तारेत सरळ वीज सोडलेली, हे रात्री कळत नाही.

सायकल कसलीही चालेल. आमच्यात दोन जुन्या काळ्या सायकली होत्या, बाकी नव्या, आणि दोन शाळेत जाणाऱ्या मुलींच्या. या मुली रोज सात किलोमीटर जाऊन-येऊन करतात, त्यामुळे पहिल्या दोन दिवसांत त्याच पुढे होत्या. त्यांच्या आयांनी एकच अट घातली होती, मुक्काम बाईमाणूस असलेल्या घरी. ती आम्ही पाळली. सामानात दर दोन सायकलींमागे एक जास्तीची ट्यूब, पंप, पाने, चकत्या आणि सोल्युशन हवेच. पावसाळ्यानंतर वाळलेले सराटे पाळीवर पसरलेले असतात, बाभळीचे काटे वेगळे. आमचे चार दिवसांत चौदा पंक्चर झाले. त्यातले तीन माझे. दुसऱ्या दिवसापासून मी मोटरसायकलवर गेलो हे कबूल करतो.

खाण्याचा प्रश्न आपल्याकडे फारसा नसतो. पहिल्या दिवशी घरच्या भाकरी आणि ठेचा, दुसऱ्या दिवशी गोवऱ्यांवर रोडगे लावले, वांग्याची भाजी केली. वाटेत संत्र्याच्या बागा लागतात. आंबिया बहाराची फळे लटकलेली असतात, पण विचारल्याशिवाय एकालाही हात लावायचा नाही, हे निघतानाच ठरवा. विचारले तर बागवाला टोपलीभर देतो, हा माझा अनुभव.

आता सर्वांत गंभीर गोष्ट. अस्तर केलेला कालवा शांत दिसतो, पण त्याच्या उतरत्या काठावर शेवाळ असते. एकदा पाय घसरला की पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही, हाताला धरायला काही नसते. दुसऱ्या दिवशी दुपारी एक मुलगा बाटली भरायला खाली उतरला आणि सरळ कमरेएवढ्या पाण्यात गेला. ओढ त्याला पुढच्या पुलाकडे नेऊ लागली. दोघांनी दुपट्ट्यांची गाठ मारून टाकली, त्याने ती पकडली, चौघांनी मिळून ओढला. सगळे मिनिटभरात झाले. पण त्यानंतर तासभर कोणी बोलले नाही, आणि मी तर त्याच्या आईला दिलेला शब्द आठवत बसलो. दोरखंड आमच्याकडे होता, पण सामानाच्या तळाशी बांधलेला. तो सर्वांत मागच्या सायकलीला, हाताशी, मोकळा हवा. कालव्यात आंघोळ नाही, हातपाय धुणे नाही. पिण्याचे पाणी गावातूनच भरून घ्यायचे.

त्या रात्रीचा मुक्काम गुरुकुंज मोझरीला होता. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली स्थापलेला हा आश्रम महामार्गाला लागूनच आहे. संध्याकाळच्या सामुदायिक प्रार्थनेला पोरे बसली. पाण्यात पडलेला मुलगा सर्वांत पुढे बसला होता.

वहीचे काम मुलींकडे दिले होते. प्रत्येक गेट, प्रत्येक मायनर, कुठे दरवाजा मोडका, कुठे पाणी नाल्यात वाया जाते, कुठे कालव्यात पाइप सोडून मोटार लावली आहे, ते किलोमीटरच्या दगडाप्रमाणे लिहायचे. नावे लिहायची नाहीत आणि वाटेत कोणाशी भांडायचे नाही, हेही ठरले होते. वर जाऊ तशी वही भरत गेली आणि पोरांचा रागही. "आमचं पाणी हेच लोक पितेत," असे एक जण मोठ्याने म्हणालाच.

मग चौथ्या दिवशी मोर्शीजवळ एका शेतकऱ्याकडे चहाला थांबलो. माणूस वयस्क, शांत. त्याला पोरांनी विचारले, तुमच्याकडे तर भरपूर पाणी असेल? तो म्हणाला, "पाण्याखाली माहं वावर हाय बापू. थे गेलं तवा तुमचा कालवा झाला." अप्पर वर्धाच्या धरणग्रस्तांनी मोर्शीला अनेक दिवस आंदोलन केले आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्यातले काही जण मुंबईत मंत्रालयातल्या जाळीवर उतरले, हे पोरांनी मोबाइलवर पाहिले होते. पण तो माणूस समोर बसून चहा देतो आहे, हे वेगळे. राग बोललेल्या मुलाने वही मिटून पिशवीत ठेवली.

दुपारी सिंभोऱ्याला धरणावर पोचलो. १९९३ साली पूर्ण झालेले, तेरा दरवाजांचे धरण. अमरावती शहराचे पिण्याचे पाणी इथूनच जाते, नांदगाव पेठच्या वीज प्रकल्पालाही इथलेच. हे ऐकल्यावर मुलींनी वहीत पहिल्या पानावर, सगळ्या गेटांच्या वर, या दोन नोंदी केल्या.

अकोल्याकडच्या वाचकांनी एवढ्या लांब येण्याचे कारण नाही. महानचे काटेपूर्णा आहे, तेल्हारा-अकोटकडच्यांना वारीजवळचे वान आहे. खारपाणपट्ट्यातल्या माणसाला तर विहिरीचे पाणी खारे, म्हणून कालव्याचे मोल जास्त. तिथे दोन-तीन दिवसांचा बेत पुरेल. मात्र पाळीची वेळ तुमच्या शाखा कार्यालयातूनच घ्या, इकडच्या तारखा तिकडे चालत नाहीत.

परतताना सायकली गावच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून सडकेने आणल्या. डिझेलचे पैसे सर्वांनी सारखे वाटून घेतले. त्या आठवड्यात पाणी वापर संस्थेच्या बैठकीत वहीतल्या नोंदी मोठ्याने वाचल्या गेल्या, आणि मोडक्या गेटांचा अर्ज त्याच दोन मुलींच्या अक्षरात उपविभागाकडे गेला. त्यातली दोन गेटे दुरुस्त झाल्याचे मी परवा पाहून आलो. बाकीची तशीच आहेत.