हाडाची सेंट्रिंग

लातुरातल्या कुठल्याही नव्या कॉलनीत जा, एखाद्या तरी स्लॅबखाली टेकूंची दाटी उभी असते. सेंट्रिंग कधी काढणार, असं मिस्त्रीला विचारलं तर तो सिमेंटचा, उन्हाचा, पाणी मारण्याचा हिशोब सांगतो. घाई केली तर स्लॅब वाकतो. हाच हिशोब आता हाडाच्या बाबतीतही मांडला जातो आहे. फक्त इथली सेंट्रिंग काढायला कुणी येत नाही, ती आपली आपण विरून जाते.

मोडलेलं हाड जुळतं. पण अपघातात हाडाचा तुकडाच उडाला, किंवा तंबाखूच्या कर्करोगापायी जबड्याचा भाग काढावा लागला, तर ती फट हाडाला स्वतःहून ओलांडता येत नाही. भरवशाचा उपाय म्हणजे रुग्णाच्याच कमरेचं किंवा पायातलं हाड काढून तिथे बसवणं. गुण येतो, पण एक जखम भरायला दुसरी करावी लागते. आणि कमरेतून तरी किती हाड काढणार?

मे १९९३ मध्ये रॉबर्ट लँगर आणि जोसेफ व्हॅकांटी यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात ऊती अभियांत्रिकीची मांडणी केली. पेशींना आधार द्यायचा आणि त्यावर शरीराचा भाग पुन्हा उभा करायचा, हे तिचं सूत्र. त्याच वर्षी ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारी हादरली. दगडमातीच्या भिंतींखाली हजारो माणसं गेली, वाचलेल्यांतही कितीतरी जणांची हाडं चेचली होती. १९९३ म्हटलं की मला या दोन्ही गोष्टी एकदमच आठवतात.

आता हा आधार तयार कसा होतो ते पाहू. सीटी स्कॅनवरून फटीचा नेमका आकार संगणकात घेतात. मग थ्री-डी प्रिंटरच्या बारीक तोटीतून वितळलेल्या प्लॅस्टिकचा, मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा धागा सोडतात. एक थर उभा, त्यावर दुसरा आडवा, बाज विणावी तसा. विणीत मुद्दाम भोकं ठेवलेली असतात, साधारण ३०० मायक्रॉनची किंवा त्याहून मोठी, आणि सगळी एकमेकांत उघडणारी. खरी कसरत या भोकांचीच आहे. रक्तवाहिनीपासून २०० मायक्रॉनपलीकडे गेलेली पेशी प्राणवायूविना मरते, म्हणून वाहिन्यांना आतवर शिरायला वाट हवी. पण भोकं फार मोठी केली तर आधारच लेचापेचा होतो.

धागा बहुधा पॉलिकॅप्रोलॅक्टोनचा किंवा पॉलिलॅक्टिक आम्लाचा असतो. पहिलं ६० अंश सेल्सिअसलाच वितळतं, म्हणून छापायला सोपं, आणि शरीरात विरायला दोन वर्षं किंवा त्याहूनही जास्त घेतं. दुसऱ्याची साखळी पाण्याने हळूहळू तुटते आणि उरतं लॅक्टिक आम्ल, म्हणजे दही ज्याने आंबतं तेच. शरीर ते पचवतं. मात्र ते भराभर सुटलं तर भोवतीची ऊती सुजते. हाडातलं खनिज असतं तसं कॅल्शियम फॉस्फेट धाग्यात मिसळलं तर पेशी लवकर धरतात.

हे केवळ प्रयोगशाळेतलं राहिलेलं नाही. कवटीला शस्त्रक्रियेसाठी पाडलेलं छिद्र बुजवणाऱ्या सिंगापूरच्या ‘ऑस्टिओपोर’च्या जाळीदार बुचाला अमेरिकेत २००६ मध्येच परवानगी मिळाली. पण मांडीच्या हाडासारखा भार पेलायची ताकद या धाग्यांत नाही, तिथे धातूची पट्टी लागतेच. कुणी अख्खा अवयव छापून मिळेल असं सांगितलं तर लगेच विश्वास ठेवू नका.

पॉलिलॅक्टिक आम्ल साखरेपासून होतं, ही गोष्ट उसाच्या लातूरने लक्षात घ्यावी अशी आहे. पुण्याच्या ‘प्राज’ने २०२४ मध्ये जेजुरीला त्याचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला. पॅकिंगचं प्लॅस्टिक आणि शरीरात ठेवायचं प्लॅस्टिक यांच्या शुद्धतेत मोठं अंतर आहे हे खरं, पण कच्चा माल आपल्या शिवारात उभा आहे.

या कामाला तीन हात लागतात: यंत्र चालवणारा अभियंता, पेशी वाढवणारा जीवशास्त्रज्ञ आणि फट रोज डोळ्यांनी पाहणारा अस्थिशल्यविशारद. मुंबईच्या आयआयटीतल्या ‘बेटिक’ने डॉक्टर आणि अभियंते एका टेबलाशी बसवून वैद्यकीय उपकरणं घडवली आहेत. नांदेडला श्री गुरू गोविंदसिंघजी अभियांत्रिकी संस्था, स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ आणि डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय या तिघांच्याही पत्त्यात गाव एकच आहे, विष्णुपुरी.